डावा-उजवा नसलेले बूट

दोष बाबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी "बिचारे, हेतू चांगला होता हो त्यांचा" म्हणणार नाही. चंदीगडला आमच्या गॅरेजात आम्ही बॅलेचे बूट करायची कंपनी काढली होती. बूट झाले मोजके, किस्से ढीगभर. सांगून सांगून मला कंटाळा आलाय, पण लोक विचारायचं थांबत नाहीत.

*

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि सेक्टर १७ मधल्या एका जुत्तीच्या दुकानात काउंटरवर उभा राहायला लागलो. एक दिवस लंडनची एक बाई आली, बॅलेची शिक्षिका. पंजाबी जुत्तीचा जोड हातात घेऊन बघतच राहिल्या. दोन्ही पायांची जुत्ती अगदी एकसारखी!

"आमचे बॅलेचे बूटही असेच असतात," बाई म्हणाल्या. "घालून घालून त्यांचा डावा-उजवा ठरतो. कुणी केली ही?"

पटियाल्याच्या उस्ताद प्रीतमजींनी. बाईंनी नमुन्याचा एक जोड दिला. सहा जोड करून पाठवा, जमले तर माझी अख्खी शाळा तुमचेच बूट घेईल, म्हणाल्या. मी उस्तादांचे पाय धरले. ते बिछाना घेऊन आमच्या गॅरेजात राहायला आले.

*

बाबा हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. पहिल्या दिवशी गरजले, "आपल्या घराण्यात आजवर कुणी चपला शिवल्या नाहीत!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरात वाचलं की मार्केट खुलं झालंय, एक्सपोर्टला भविष्य आहे. तिसऱ्या दिवशी व्हिजिटिंग कार्डं छापून आली. मॅनेजिंग डायरेक्टर, बाबा!

"आणि माझं नाव?"

"पुढच्या लॉटमध्ये बघू."

*

गेटवर बोर्ड लागला. तासाभरात शेजारच्या बंगल्यातले, इथल्या भाषेत कोठीतले, कर्नल अंकल बायकोची तुटकी सँडल घेऊन हजर. बाबांनी ऑर्डर सोडली, "प्रीतम, अर्जंट!"

उस्तादांनी हातातलं सॅटिन खाली ठेवलं, मुकाट्याने सँडल शिवली आणि मला म्हणाले, "पुत्तर, तेरी कंपनी दा पहला एक्सपोर्ट. अगली कोठी तक."

*

मराठी मंडळातले देसाईकाका हाडांचे डॉक्टर. नाचणारीचा बूट कधीकधी एका कार्यक्रमात संपतो, हे ऐकून ते हबकले. "मग रबराचा सोल लावा की!"

बाबांना एकदम पटलं. "फौजेला असला माल पुरवला असता तर कोर्ट मार्शल झालं असतं!"

रबरावर पाय गिरकी घेणार नाही, असं मी म्हटलं. दोघांनी एकदमच विचारलं,

"तुझं शिक्षण किती?"

आमच्या घरातल्या सगळ्या चर्चा इथेच संपतात.

*

बुटाचं टोक कडक होतं ते कापड आणि खळीच्या थरांनी. खळ शिजायची आमच्याच गॅसवर, म्हणून आई महिनाभर नाक मुरडत होती. एकदा खळीच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा मात्र पदर खोचून आली. "व्हा बाजूला! जन्मात पिठलं ढवळलंय का कधी?"

त्या खळीची टोकं सगळ्यात चांगली निघाली. घरातल्या वडीलधाऱ्यांत कामाचं माणूस तेवढं एकच. कार्डावर तिचंही नाव नव्हतं.

*

सहा जोड तयार झाले. खोक्यांसाठी मी आठवडाभर दिल्लीला गेलो आणि बाबांनी इन्स्पेक्शन घेतलं.

"दोन्ही पाय सारखेच? एवढं डावं-उजवं कळत नाही?"

उस्ताद म्हणाले, "साब जी, दायाँ-बायाँ पैर बनाता है, मोची नहीं."

बाबांनी फौजी बूट करणाऱ्या एका माणसाकडून डावे-उजवे साचे आणवले. त्याच्याकडूनच सहाच्या सहा जोड उसवून साच्यांवर पुन्हा ताणून घेतले. तळव्यांवर सोनेरी 'एल' आणि 'आर' छापले आणि पार्सल लंडनला रवाना केलं. मी परतलो तेव्हा गॅरेजात उस्तादांचा बिछाना नव्हता.

"पापा, ये क्या कर दिया आपने?"

"भांडायचं तर मराठीत भांड!"



महिन्याभराने बाईंचं पत्र आलं. "शिवण फार सुंदर आहे. पण हे चालायचे बूट आहेत, नाचायचे नाहीत." बाबांनी पहिलं वाक्य मंडळाच्या कोजागरीला मोठ्याने वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. पत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.

शाळेची ऑर्डर गेली. उस्ताद परत आले नाहीत. कॉलेजने मला परत घेतलं नाही.