ऑपरेशनाआधीची दहीसाखर

बाबांना हर्नियापेक्षा भुलीची धास्ती होती. "उठलोच नाही तं?" हेच ते विचारत. त्यांच्या कष्टांवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. ऑपरेशनाआधी पोटात पाणीही नको, हे मी आईला बजावलं होतं. तरी शंकर नगरच्या दवाखान्याला निघताना तिनं त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली. बाबांनी ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं आणि ऑपरेशन पुढं ढकललं गेलं.

"घर में पढ़ा-लिखा कोई नहीं क्या?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"दहीसाखर काय जेवण होय?" आई रडकुंडीला आली.

बाबांनी पुढची तारीख घेतलीच नाही. "एवढा धीर पुन्हा कुठून आणू, पोट्ट्या?" म्हणाले. आता कळ आली की ते पोट दाबून भिंतीला टेकतात आणि मी शिकलेला मुलगा नुसता पाहत उभा राहतो.