रुपेरी झग्याची वीतभर शिवण

तैसिया येगोरोव्नानं मॉस्कोच्या राजघराण्याच्या वस्तुसंग्रहालयात एकतीस वर्षं जुन्या कपड्यांवर सुई चालवली, पण तिकीट काढून आत शिरायची ही तिची पहिलीच खेप. फेल्टच्या बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून ती निघाली. सोन्यानं मढवलेल्या, खोपटाएवढाल्या घोडागाड्या तिनं नुसत्या ओलांडल्या. तिला गाठायचा होता सम्राज्ञीचा रुपेरी झगा.

निवृत्तीआधी त्याचा उसवलेला घेर तिनंच शिवला होता. तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सांगितलं असतं तर झगा दुसरीच्या हाती गेला असता, म्हणून बाईनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. बोटांनी चाचपत शिवला, काम नीट झाल्याच्या कागदावर सही केली, घरी गेली. तीन वर्षं जिवाला घोर. गेल्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि आज ती खरंखोटं करायला आली होती.

काचेपुढं ती गुडघ्यांवर बसली.

"तासे, ऊठ की," खुर्चीवरची राखणदारीण रिम्मा विणकाम न सोडता म्हणाली. दोघींची ओळख जुनी. "लोकांना वाटंल राणीच्या पाया पडतीयास."

"तू तुझा मोजा विण."

तैसियानं नाक काचेपाशी नेलं. वीतभर जागेत तिचे टाके, दारू प्यालेला गडी बर्फातनं चालावा तसे गेले होते.

"वाकडे हाईत?"

"हाईत."

"लोक कंबर बघत्यात. एवढ्याशा कमरेची बाई जेवायची काय, एवढंच इचारत्यात. घेर कोण बघतंय?"

"मी बघतीया."

रिम्मा कण्हत वाकली. "हे शेजारचे जुने टाके बघ. राणीच्या शिंपिणीचे. तेबी तिरकेच की."

"तिला मेणबत्ती होती. मला डोक्यावर दिवा होता, नि दिसत न्हाई हे मी कुणाला बोलले न्हाई."

"मग आता?"

"वर वर्कशॉपात जाती. माझे टाके उसवा म्हणती."

"एकतीस वर्षांचं नाव घालवशील. तिथल्या भिंतीवरनं तुझा फोटो उतरवतील."

"उतरवू देत. त्यात नाक लई मोठं दिसतंय."

जिना चढताना ती दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी कठडा धरून बराच वेळ. दार उघडलं ते तिनंच तयार केलेल्या पोरीनं. आता तीच वर्कशॉपची मुख्य.

"तैसिया येगोरोव्ना! या, चहा ठेवते."

"चहा मागनं. आधी रुपेरी झग्याचा कागद काढ," म्हातारी म्हणाली. "माझ्या सहीचा."