गोटूला जिवंत ठेवण्याचा सौदा

केनवडच्या सुनीताताईंनी मला फसवलं. आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं.

कारंजात माझं छोटं प्रकाशन आहे. त्याआधी धान्याच्या अडतीवर होतो, त्यामुळे सौदा मला कुणी शिकवू नये. सुनीताताई शाळेत शिकवतात आणि लिहितात. त्यांनी किशोरांसाठी फँटसी आणली. तळ्याखाली एक राज्य. तिथं मुलांना लगोरी, विषामृत खेळावं लागतं आणि बाद झालेला खरोखर मरतो. नायिका रेवा, तिचा छोटा दोस्त गोटू.

आमच्याकडे प्रूफं, म्हणजे छपाईआधी चुका शोधायचे कागद, बायको वाचते. गोटू विषामृताच्या रिंगणात उतरला आणि तिनं पेन ठेवलं. "त्याले काही झालं तर दुसरा प्रूफवाला पाहा," म्हणाली. काम अडलं.

मी केनवड गाठलं. ताई म्हणाल्या, कथेत प्रत्येक मरणाला काम असतं. मी म्हणालो, मालाला गिऱ्हाईकही लागतं. चहा झाला, पुन्हा झाला. शेवटी ठरलं, गोटू जगेल. बदल्यात मुखपृष्ठ त्यांच्या मनासारखं.

उरलेली प्रकरणं आली. अडतीवर पोतं कुणी ओतून पाहत नाही. परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून मूठभर दाणे काढतात. मीही तसंच केलं. मधलं एक पान, शेवटचं एक पान. शेवटी गोटू नवे कपडे घालून उंच आसनावर हसत बसलेला. बायकोला म्हणालो, वाच निश्चिंत.

वाचून ती प्रूफं माझ्यापुढे आपटून गेली. गोटू त्या खेळांचा नवा राजा झाला होता. पुढचे खेळ तोच लावणार होता, आणि पहिलं नाव त्यानं रेवाचं पुकारलं होतं.

मी फोन लावला. आवाज चढला माझा, नाकारत नाही. ताई शांत.

"भाऊ, जित्ता ठेवा म्हनलं तुमी. ठेवला. चांगला ठेवा असं कुठी म्हनलं?"

"हा असा निघन हे आमाले कसं समजन?"

"पहिल्या प्रकरनात हरू लागला का लगोरीचे नियम कोन बदलत होता?"

गोटूच. याला पूर्वसूचना म्हणतात. लेखक पुढचं आधीच गुपचूप पेरून ठेवतो आणि वाचक त्याला खोडकरपणा समजतो. बायको तर त्या पानावर हसली होती.

झालेला सौदा मी फिरवत नाही. पुस्तक तसंच छापलं. बायकोनं प्रूफात एक चूक सोडली नाही. "भारी लिवलं बाईनं," म्हणाली, "म्हनूनच राग येऊन राह्यला."

परखी पोत्याला चालते, गोष्टीला नाही, हे मला कळलं. पण जेवायला बसलो की बायको मलाच विचारते. गोटू मी लिहिलेला नाही. ताईंनी कारंजाला यावं, तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, तो असा काहून झाला.