फळीची पालथी बाजू

गुण्याला ते घर पत्त्यावरूनच कळलं होतं. फोनवर बाई सांगत होती, "मिस्त्री, दाराशीच भिंतीत एक जुनं कपाट आहे, नुसती अडगळ कोंबलीय. ते काढून तिथे बसून बूट काढता येतील अशी जागा करून द्या. पोरं चिखलाचे पाय घेऊन थेट आतल्या खोलीपर्यंत जातात हो!" आणि हा इकडे दातओठ खात "हो वहिनी, हो वहिनी" करत होता. दुसऱ्या कोणी हे काम टाळलं असतं. यानं हातातली दोन कामं पुढे ढकलून हे घेतलं. बावीस वर्षं ज्या घरावर डोळा ठेवला, ते घर आपणहून बोलावतंय, मग सोडतो की काय!

गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन तपासायचं हत्यार. कारखान्यात त्याला हे नाव पडलं, कारण हा पठ्ठ्या जेवणाचा डबासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा. कारखाना त्या बाईच्या सासऱ्यांचा. सगळे त्यांना मालक म्हणत. तिथे एक शिस्त होती. ज्यानं फळी बसवायची, त्यानं तिच्या पालथ्या बाजूला तापवलेल्या खिळ्यानं आपली खूण डागायची, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कोणाचा हात ते कळावं. गुण्याची खूण तीन आडव्या रेघा. मालकांच्या मुलाची एक गोल आणि मधे टिंब.

मग एके दिवशी या दोघांनी एका कापडदुकानात केलेल्या मांडणीची फळी निसटली आणि खाली बसलेल्या कारकुनाचा खांदा मोडला. मालकांनी सगळ्या कारागिरांना गोळा केलं आणि खापर फोडलं गुण्याच्या डोक्यावर. "आखूड स्क्रू मारलेस! चालता हो!" गुण्या घसा फोडून सांगत होता, फळी आणा, पालथी करा, खूण बघा. "जाळून टाकली ती," मालक म्हणाले. मुलगा तिथेच उभा होता. त्यानं खाली मान घालून रंध्याचं पातं पुसायला घेतलं.

पुढे तीन वर्षं गुण्याला कोणी साधं स्टूलही करायला दिलं नाही. बायको माहेरी जाऊन राहिली. तेही त्यानं सोसलं. पण ज्यानं त्याला रंधा धरायला शिकवलं तो त्याचा बाप अंथरुणाला खिळला, आणि एका दुपारी हळूच म्हणाला, "आता तरी खरं सांग. घाई केलीस ना रे?" गुण्या नाही नाही म्हणत राहिला. बापानं नुसती मान वळवली. दोन दिवसांनी गेला तो हाच संशय मनात घेऊन गेला. हे मात्र गुण्याला सोसलं नाही, आणि का सोसावं?

तेव्हा तो त्या घरात शिरला तो उट्टं काढायलाच. वहिनी स्वभावानं बरी निघाली. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता, सासरे काठी टेकत आतल्या खोलीत. पहिल्या दिवशी त्यानं कपाटाची दारं उतरवली, गंजक्या छत्र्या, फाटके बूट, रद्दी बाहेर काढली. वर खुंट्यांची पट्टी लावायला घेतली, पोरांसाठी खाली आणि मोठ्यांसाठी वर. मुद्दाम आखूड स्क्रू निवडले. पडू दे एकदा ओल्या कोटांसकट कोणाच्या तरी टाळक्यात! पण मेला हात ऐकेना. आखूड स्क्रू खाली ठेवून हातानं आपला लांबच उचलला. गुण्यानं स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. एवढं साधं वाईट काम जमू नये म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी कपाटाची सगळ्यात खालची फळी उचकटली. चांगलं जाड सागवान. कडेला पोपटी रंगाचा ओघळ, एका टोकाला स्क्रूची भोकं फाटलेली. त्या कापडदुकानाचा पोपटी रंग गुण्यानं स्वतः कालवला होता. त्यानं फळी पालथी केली. गोल, आणि मधे टिंब.

जाळली म्हणे! सागवान जाळायला मालकांचा जीव झाला नसणार. घरी आणून बुटांखाली दडवलं. गुण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षणभर वाटलं, ही फळी घेऊन आत जावं आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यात आदळावी. मग तो खाली बसला, पाणी प्याला आणि रंधा काढला.

त्या फळीचा त्यानं बाक केला. फाटकं टोक कापलं, कडा गोल केल्या, खाली बुटांचे कप्पे, छत्र्यांचं पाणी निथळायला पत्र्याचा ट्रे, आणि बसायची फळी बिजागरीवर, झाकणासारखी वर उचलणारी. पालथी बाजू वर घेतली. खूण बरोबर मध्यावर आली. तिच्याभोवती पॉलिश असं चढवलं की दारात पाऊल टाकताच नजर तिथेच जावी.

"किती सुंदर झालंय!" वहिनी म्हणाली. "बाबा, बसून तर बघा."

मालक आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग हळूहळू मान वर केली. "गुण्या?"

"जाळली होती ना, मालक?"

"काय आहे हे?" वहिनीनं विचारलं.

"मालकांना विचारा. खूण कोणाची ते सांगतील."

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. "त्याचीच," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं होतं. पण पंधरा दिवसांवर त्याचं लग्न आलं होतं. मुलीकडच्यांनी मोडलं असतं रे. तू काय, कुठेही पोट भरशील असं वाटलं."

वहिनीचा चेहरा उतरला. मुलीकडचे म्हणजे तिच्याच माहेरचे.

"माझा बाप मला कामचुकार समजून मेला," गुण्या म्हणाला. "त्याच्या मनात राहिलेल्या संशयाचं काय करू?"

"एकदा रंधा मार त्यावर. पाया पडतो तुझ्या. तो उद्या येतोय."

नाही म्हणायला गुण्यानं तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली. "मिस्त्री, रंधा पेटीत ठेवा. उद्या बूट काढायला इथेच बसायचंय त्यांना. बसू देत. मग मला काय सांगतात ते ऐकायचंय मला."

"अगं सूनबाई..."

"तुम्ही आत जा, बाबा."

गुण्यानं पेटीतून एक खिळा काढला. "वहिनी, जरा गॅसवर लाल करून आणता?"

ती सांडशीत धरून घेऊन आली. गुण्यानं बाकाचं झाकण उचललं आणि खालच्या बाजूला तीन आडव्या रेघा डागल्या. "हा बाक पडला, तर मला बोलवा," तो म्हणाला आणि पेटी उचलली.

फाटकाबाहेर आल्यावर तो थांबला आणि गेलेल्या बापाला ऐकू जावं तसं मोठ्यानं म्हणाला, "बाबा, नव्हती केली मी घाई." रस्त्यानं जाणारा एक माणूस वळून बघायला लागला. गुण्यानं ते वाक्य त्याच्यासमोर पुन्हा एकदा म्हटलं.