बॉसचा सुळा बाईचा

"जबडा मेल. रिपोर्ट क्लोज कर," बॉस म्हणाले.

ट्रेमध्ये नुसता खालचा जबडा. बांधकामाच्या खोदकामात सापडलेला. कंबरेचं हाड असतं तर बाई की पुरुष हे चटकन कळलं असतं. ते नसलं की आम्ही फॉरेन्सिक डेंटिस्ट सुळा मोजतो. पुरुषांचा सुळा सरासरीने थोडा रुंद असतो. कॅलिपरने रुंदी घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर मेल, खाली राहिली तर फीमेल. हा सुळा केसभर वर गेला होता.

केसभर! तेवढ्यावर निकाल!

त्याच भागातून लॅनी नावाची घरकामगार बेपत्ता झालेली. तिची थोरली बहीण इथेच सिंगापुरात, हौगांग भागात एका घरी कामाला. रविवारी सुट्टी मिळाली की पोलिसांकडे जाऊन विचारायची. आम्ही 'मेल' लिहिलं की लॅनीची फाइल बाजूला, डीएनए टेस्टही नाही. बहिणीने जन्मभर विचारत राहायचं.

"सर, हा कट-ऑफ कुणाच्या दातांवरून काढलाय?"

"पब्लिश्ड आहे."

"वाचलंय मी. एका देशातल्या एका कॉलेजच्या स्टुडंट्सवरून. लॅनी तिथली नाही. दातांची मापं सगळीकडे सारखी नसतात."

"नंबर इज नंबर, लाह," बॉस सिंगापुरी हेलात म्हणाले. "इथे मोर्चा काढू नकोस."

नाही काढला. आम्हा डेंटिस्टांची एक सवय असते. कॉलेजात एकमेकांच्या दातांची प्लास्टरची मॉडेल्स करायची आणि पुढे ती आयुष्यभर टेबलावर मिरवायची. बॉसचं मॉडेल पेपरवेट म्हणून समोरच होतं. उचललं, सुळा मोजला, आकडा टाकला.

स्क्रीनवर आलं, फीमेल.

"अभिनंदन, मॅडम," मी म्हणाले. शेजारची टेक्निशियन मेई फिस्सकन हसली.

"तू कॅलिपर तिरका धरलास."

"मग तुम्ही धरा."

त्यांनी स्वतः मोजलं. परत फीमेल. मग मी माझ्या मॉडेलचा सुळा मोजून टाकला. मी मेल.

बॉसनी कॅलिपर खाली ठेवला. "मग लिहायचं काय?"

"सांगता येत नाही, असं लिहायचं. आणि दाढ डीएनएला पाठवायची."

"क्लायंटला असं उत्तर आवडत नाही."

"आणि बहिणीला चुकीचं आवडेल?"

दाढ गेली. दाताच्या आत गर असतो. बाहेरच्या कठीण कवचामुळे त्यातला डीएनए बरीच वर्षं टिकू शकतो. रिपोर्ट आला, जबडा बाईचा. मग बहिणीचा नमुना घेतला. तो जुळला. लॅनीच होती.

बहीण ओळख पटल्याच्या कागदावर सही करायला आली, अर्थात रविवारीच. रडली नाही. "आता आईला सांगता येईल," एवढंच म्हणाली आणि बसची वेळ बघत निघाली.

तो कट-ऑफ अजून सॉफ्टवेअरमध्येच आहे. काढा म्हणून मी कंपनीला ईमेल पाठवत असते, उत्तर येत नाही. तोवर एवढंच शिकले, की 'माहीत नाही' लिहायलाही डिग्री लागते आणि ती असलेले लोक नेमकं तेच लिहीत नाहीत.