वजनांची पेटी घरीच होती

काटेकाकांना सोमवार आठवत नव्हता. रविवार आठवत होता. रविवारी जावयाशी बुद्धिबळाचा डाव हरून, आपण हरलोच नाही असं त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पटवून दिलं होतं. बुधवारही अर्धामुर्धा आठवत होता. नाकात नळी, हाताला सुई आणि शेजारच्या खाटेवर घोरणारा माणूस. मंगळवारचं घरच्यांनी सांगितलं होतं. सोमवार मात्र साफ गायब होता, आणि त्या सोमवारी ते कामाला गेले होते, ही खरी धास्ती होती.

काम म्हणजे वजनकाट्यांचं. वय त्र्याहत्तर, त्यातली अठ्ठेचाळीस वर्षं काटे उघडण्यात, पुसण्यात आणि जुळवण्यात गेलेली. नवीन माणसाला काटे हे त्यांचं आडनाव वाटायचं आणि काकाही कधी खुलासा करायच्या भानगडीत पडायचे नाहीत. किराणा दुकानं, सोनार, शाळांच्या प्रयोगशाळा, टपाल कचेरी, दवाखाने, सगळीकडे त्यांचा वावर. काट्याच्या पाठीवर त्यांच्या सहीची चिठ्ठी असली की दुकानदार गिऱ्हाइकासमोर छाती काढून उभा राहायचा. याचा काकांना अभिमान होता, आणि तो ते लपवत वगैरे नसत. घरात आलेलं पिठाचं पाकीटही ते तोलून घेत. लग्नाआधी मला तोलून पाहिलं नाही हेच नशीब, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

काट्याच्या कामात त्यांचा एक नेम होता. पितळी वजनांची पेटी सोबत असल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही. पेटीत आतून हिरवं कापड, प्रत्येक वजनाला आपापला खळगा. वजन बोटांनी उचलायचं नाही, कापडात धरून उचलायचं, कारण बोटांचा घामही काट्याला कळतो. एखादा दुकानदार घाईत म्हणायचा, काका, हे साखरेचं किलोचं पाकीट आहे, यावरच बघून टाका. त्याची अशी काही खरडपट्टी निघायची की पुन्हा तो तोंड उघडायचा नाही. हल्लीचे काटे विजेवर चालणारे. त्यांच्या पाठीमागे झाकणाखाली एक बटण असतं. ते दाबायचं, वजन ठेवायचं आणि हे इतकं आहे असं काट्याला आकड्यात सांगायचं. काटा ते निमूट मानतो आणि पुढे सगळं जग त्याच मापाने मोजतो. म्हणून तर सांगणारा माणूस चोख हवा, असं काका म्हणत, आणि तो माणूस कोण हे वेगळं सांगायची गरज नसे.

तर त्या सोमवारी सकाळी, काकूंच्या सांगण्यानुसार, काकांनी चहा अर्धा टाकला. हे पहिलंच. मग पायात गोळे आल्यासारखं वाटतंय म्हणून खुर्चीत बसून राहिले. काकूंनी थर्मामीटर लावला. ताप नाही. काकांनी स्वतः पुन्हा लावला, घड्याळ लावून, पुरती तीन मिनिटं. ताप नाही. ताप नाही म्हणजे आजार नाही, असा निकाल देऊन ते उठले. कामाच्या पांढऱ्या कोटाच्या बटणांची गडबड झाली होती ती काकूंनी सरळ केली. तेव्हाच थांबवायला हवं होतं, हे त्या आता दिवसातून दहा वेळा म्हणत होत्या.

मंगळवारी सकाळी ते पलंगाशेजारी पडलेले सापडले. लागलं नव्हतं फारसं, पण काकूंकडे बघून ते म्हणाले, ताई, आई कुठे गेली? त्यांची थोरली बहीण जाऊन बावीस वर्षं झाली होती. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी पलीकडच्याच रस्त्यावर राहते, ती धावत आली. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहिला, छाती ऐकली, नाकातून कापसाची काडी फिरवली आणि थोड्या वेळाने सांगितलं की हा फ्लू आहे, ताबडतोब दवाखान्यात न्या.

ताप नसताना फ्लू कसा, हे मुलीलाही कळेना. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या वयात शरीराला दर वेळी ताप आणण्याचीही ताकद नसते. माणसाचा असा गोंधळ उडाला की तोच ताप समजायचा.”

दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी मुलगी लस घ्या म्हणून मागे लागायची. काका म्हणायचे, मला कधी फ्लू झालाय का? आणि नाही झाला तर लस कशाला, असं उलटं तर्कशास्त्र मांडून तिला गप्प करायचे. या खेपेला दवाखान्यातून आणताना तिने गाडीत लसीचं नावही काढलं नाही. काकांना ते शंभर बोलण्यांपेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी ते घरी आले. शनिवारी सकाळी डोकं स्वच्छ होतं, पाय मात्र कापसाचे. पडून राहा असं बजावून काकू आत गेल्या तशी काकांनी शाल गुंडाळली आणि भिंत धरत धरत बाहेरच्या खोलीत आले. तीच त्यांची कामाची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर दिवा, भिंतीला फळ्या, फळ्यांवर पोटं उघडी टाकलेले काटे. खुर्चीत बसल्यावर त्यांना जरा माणसात आल्यासारखं वाटलं. मग त्यांनी कामाची वही उघडली.

सोमवारचं पान होतं. अक्षर त्यांचंच, फक्त प्रत्येक ओळ उताराला लागलेली. प्रसूती रुग्णालय, बाळांचा वॉर्ड. तीन काटे पाहिले. दोन ठीक. तिसरा कमी दाखवत होता, जुळवला. खाली सही. काकांनी सुस्कारा सोडला. डोकं नसलं तरी हातांनी काम केलं म्हणायचं, अठ्ठेचाळीस वर्षांची सवय काही उगीच नसते. एवढं बरं वाटल्यावर वजनं पुसून ठेवावीत म्हणून त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं.

पेटीला सुतळी बांधलेली होती. पेटीची कडी मागच्या शनिवारी तुटली होती, म्हणून रविवारी फळ्या झाडताना काकूंनी ती बांधून ठेवली होती. काकूंची गाठ ही या घरातली एक जुनी तक्रार आहे. ती काकांना आजवर सुटलेली नाही, दर वेळी त्यांनाच हाक मारावी लागते. गाठ जशीच्या तशी होती.

त्यांनी काकूंना बोलावून विचारलं, सोमवारी ही सोडून दिली होतीस ना? काकू म्हणाल्या, “नाही हो. मी विचारलं तुम्हाला, पेटी काढू का म्हणून. तुम्ही म्हणालात, तिथे आहे सगळं.”

 त्या वॉर्डात वजनं नसतात. तिथे पाळणे असतात, आणि पाळण्यांत दोन-दोन, तीन-तीन किलोंचे जीव. त्यांचं औषध थेंबांच्या हिशेबात, वजन बघून काढतात. काटा चुकला की थेंब चुकला. आणि तो तिसरा काटा त्यांनी काहीतरी ठेवून जुळवला होता, वर आपली सही चिकटवून आले होते, आणि त्याला आज पाच दिवस झाले होते. त्यांनी काकूंना वॉर्डचा नंबर लावायला सांगितलं.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या. काकांनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. “सिस्टर, तो तिसरा काटा आधी बाजूला काढा. तो चुकीचा आहे.”

तो मंगळवारीच काढलाय, असं सिस्टर म्हणाल्या. मंगळवारी सकाळी वॉर्डातली झाडून सगळी बाळं एका दिवसात दोनशे-दोनशे ग्रॅमनी गुबगुबीत झाली होती. आमच्याकडच्या दुधाला एवढा गुण नाही हो, काका. मग त्यांनी सलाईनची एकच लिटरची बाटली त्या आणि दुसऱ्या एका काट्यावर ठेवून पाहिली, तर याच्यावर सत्तर ग्रॅम जास्त. त्या काट्यावरून एकाही बाळाला औषध दिलं गेलं नव्हतं. तेव्हाच त्यांनी काकांच्या घरी फोन केला होता. मुलीने घाईघाईत सांगितलं की बाबा पडलेत, नंतर बोलू. म्हणून मग त्रास दिला नाही.

 काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं. इथेच आभार मानून फोन ठेवला असता तर तेवढ्यापुरतं निभावलं असतं. पण माणूस काटेकाका होता. चूक झाली हे कळून त्यांचं भागत नसे, कशाने झाली हेही कळावं लागे. त्यांनी विचारलं, पेटी तर घरी होती, मग मी जुळवला कशाने?

 सिस्टर स्वतः तेव्हा खोलीत नव्हत्या, एका बाळंतपणासाठी त्यांना पलीकडे बोलावलं होतं. त्यांना हे नंतर एका बाळाच्या आईकडून कळलं.

“तुम्ही तिच्या बाळाला पाळण्यातून उचललंत आणि काट्यावर ठेवलंत,” त्या म्हणाल्या. “पाळण्याला कागद असतो ना, जन्माच्या वेळच्या वजनाचा? त्यावर तीन किलो दोनशे होतं. काट्यावर दोन किलो नऊशे ऐंशी आलं. तुम्ही म्हणालात, काटा कमी दाखवतोय. आणि कागदावरचा आकडा काट्याला देऊन टाकलात.”

 जन्मल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत बाळ थोडं उतरतं आणि मग भरायला लागतं, हे घराघरांतल्या आत्या-मावश्यांना ठाऊक असतं. काकांनाही ठाऊक होतं. काटा अगदी बरोबर सांगत होता. साखरेच्या पाकिटावर काटा जुळवायला सांगणाऱ्याची ज्यांनी खरडपट्टी काढली, त्यांनी तीन दिवसांचं हाडामासाचं मूल पितळेच्या वजनासारखं काट्यावर ठेवलं होतं. शरमेने त्यांचे कान तापले.

आईने कशी काही हरकत घेतली नाही, असं त्यांनी कसंबसं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तुमचा पांढरा कोट पाहून तिला डॉक्टरच वाटलात. बाळ रडायला लागलं तेव्हा तुम्ही त्याला खांद्याशी धरून खोलीभर फिरवत बसलात, चांगला अर्धा तास. त्याच्याशी बोलतही होतात. किती मायाळू डॉक्टर आहेत, असं ती सगळ्यांना सांगत होती.

वीस वर्षांत काकांनी त्या वॉर्डातल्या एकाही बाळाला बोट लावलं नव्हतं.  माफी तर मागायलाच हवी होती, आणि माफीला काहीतरी कारणही जोडायला हवं होतं.

“माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हो, सिस्टर. फ्लू झाला होता मला. ताप नव्हता, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.”

 

“काय झालं होतं?” सिस्टरांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता. “तुम्ही पडला होतात ना?”

पडलो ते फ्लूमुळेच, मंगळवारी तपासणीत निघाला, असं काकांनी सांगितलं. सिस्टर थांबा म्हणाल्या. फोन कुठेतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग घाईची पावलं आणि त्यांनी कुणा डॉक्टरांना मारलेली हाक. काकू दारात उभ्या होत्या, काय झालं म्हणून खुणेने विचारत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. अर्धा तास, खांद्याशी धरून, तोंडाशी तोंड. 

सिस्टर परत आल्या त्या भराभरा बोलू लागल्या. गुरुवारी त्या बाळाच्या आईला ताप चढला. ऑपरेशनच्या टाक्यांमुळे असेल असं सगळ्यांनी धरलं. बाळ कालपासून दूध ओढत नाहीये, श्वास जोरजोराने घेतंय, काचेच्या पेटीत प्राणवायूवर ठेवलंय. तपासणीला नमुने पाठवलेत, त्यांचं उत्तर दुपारी येणार होतं. तुमचं ऐकल्यावर डॉक्टर आता थांबत नाहीत, फ्लूचं औषध आत्ताच सुरू करतायत. बरं झालं फोन केलात.

बरं झालं, हे शब्द काकांच्या कानांत शिरले पण आत कुठे पोचले नाहीत.  अठ्ठेचाळीस वर्षं जे विचारत आले तेच तोंडातून निघालं.

“वजन किती भरलं त्याचं?”

“दोन सातशे दहा.”

“कुठल्या काट्यावर घेतलंत? पुन्हा एकदा बघा, सिस्टर. एवढं कमी नसेल. दुसऱ्यावर ठेवून बघा.”

“दोन्हींवर ठेवलं,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “काटे बरोबर आहेत, काका.”