आत्याचा आखडता हात

आमच्या आत्याने दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, मग पाळलेल्या कोळंबीला उपाशी कशी ठेवेल! तिची दोन तळी होती. त्या वर्षी ऊन फार तापलं, वारा पडला, तळ्यांचं पाणी हाताला गरम लागायला लागलं. अशा पाण्यात कोळंबी नीट खात नाही. तरी आत्या रोज चार वेळा खाद्य टाकत राहिली. उरलेलं तळाशी कुजलं, त्यात रोगाचे जंतू माजले आणि आठवड्यात पहिल्या तळ्यातली कोळंबी मरून काठाला लागली.

मत्स्य खात्याकडून तळी तपासायला आलेल्या बाई म्हणाल्या, "आत्या, दुसरं तळं वाचवायचं तर दोन दिवस खाद्य बंद."

"अहो, वैऱ्यालाही कुणी उपाशी ठेवत नाही!"

"पहिल्या तळ्यातली तुमच्या मायेनेच गेली."

 आत्या खाद्याची पाटी माझ्याकडे देत म्हणाली, "कुलपात ठेव. मी रडले तरी देऊ नकोस."

दोन दिवस ती देवाचं नाव घेत बांधावर बसून होती. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, पाणी निवलं. तळ्यात सोडलेली जाळी उचलून पाहिली तर कोळंबी टणाटण उड्या मारत होती. मी पाटी आणली. आत्याने मूठ भरली, पाण्यावर धरली, आणि अर्धी परत पाटीत टाकली.